बाराव्या प्रश्नाचा रिकामा रकाना

"ताई, तुमची पीएचडी संख्यात्मक की गुणात्मक?" पेटची, म्हणजे पीएचडी प्रवेश परीक्षेची तयारी करणारी मुलं भेटली की पहिला प्रश्न हाच: आकड्यांवरची की मुलाखती-निरीक्षणांवरची? "दोन्ही" म्हटलं की लगेच दुसरा: "मग गाइडनी चालवून घेतलं?"

माझी रूपरेषा सरळसोट होती. बीड जिल्ह्यातून ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांचं काम आणि मजुरी. चार पानी प्रश्नावली भरून घ्यायची, एसपीएसएस या आकडेवारीच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकायची, तक्ते काढायचे. पहिल्याच गावात बारावा प्रश्न विचारला, "तुम्हाला स्वतःला मजुरी किती मिळते?" बाईनं नवऱ्याकडे बघितलं. तो म्हणाला, "आमचा एक कोयता हाय की." संध्याकाळपर्यंत अकरा फॉर्म भरले आणि अकराही फॉर्मांत बारावा रकाना कोरा.

ऊसतोडीत कोयता म्हणजे नुसतं हत्यार नव्हे. नवरा-बायको मिळून एक कोयता, एकटं माणूस अर्धा कोयता. मजूर नेणारा मुकादम उचल, म्हणजे आगाऊ रक्कम देतो ती जोडीला, आणि पैसे बहुधा नवऱ्याच्या हातात. मग हंगामभर टनामागच्या दरातून ती फेडायची. बाईची वेगळी मजुरी हिशोबातच नाही, तर ती सांगणार काय? संगणकानं त्या रकान्याला 'मिसिंग व्हॅल्यू', म्हणजे नुसतं गहाळ उत्तर म्हटलं असतं आणि मीही पुढे गेले असते.

प्रश्नावली गुंडाळली आणि हंगामात फडावर गेले. त्यांच्या कोपीबाहेर, म्हणजे झोपडीबाहेर बसून एकेका बाईचा दिवस तासागणिक लिहिला: पहाटेची चूल, पाणी, तोड, मोळ्या बांधणं, त्या डोक्यावरून गाडीपर्यंत नेणं, परत चूल. बोलता बोलता एकजण म्हणाली, "पाळीतबी घरी बसता येत नाय. खाडा पडला की पैसं कापतेत." खाड्याचा दंड माझ्या चार पानांत कुठेच नव्हता.

त्यातून दुसरी प्रश्नावली झाली. कामाचे तास किती, खाडे किती, उचल कुणी घेतली, अंगठा कुणाचा. आता आकडे बोलायला लागले.

आकडे आणि गप्पा असे एकत्र आणणं काही मी शोधून काढलेलं नाही. 1930 च्या दशकाच्या सुरुवातीला ऑस्ट्रियातल्या मारिएंथालमध्ये कापड कारखाना बंद पडल्यावर सामाजिक मानसशास्त्रज्ञ मारी याहोडा आणि तिच्या सहकाऱ्यांनी बेकारांच्या मुलाखती घेतल्या, मुलांचे निबंध वाचले, वाचनालयातल्या नोंदी तपासल्या, आणि घड्याळ लावून रस्त्यानं चालणाऱ्यांचा वेगसुद्धा मोजला! पुरुष बायकांपेक्षा सावकाश चालत होते. त्यांना घाई कशाचीच उरली नव्हती.

अशा दोन्ही मिळून केलेल्या संशोधनाला 'मिश्र पद्धती' म्हणतात. पण त्या नावाखाली तीनशे फॉर्मांना दहा मुलाखतींची झालर लावलेले प्रबंधही मी पाहिलेत. मुलाखतीनं तक्त्यात काहीच बदललं नसेल तर ती घेतली कशाला? आणि पद्धत मध्येच बदलायची तर कधी, का, कशामुळे, हे त्या त्या दिवशी वहीत लिहिलेलं हवं. मला हे सगळं एक वर्ष जास्तीचं पडलं, तेही सांगून ठेवते.

राहिले गाइड. आधी ते म्हणाले, "मध्येच पद्धत बदललीत की खिचडी होते." मी ते अकरा फॉर्म टेबलावर ठेवले. त्यांनी एकेक उलटून पाहिला, चष्मा काढला आणि विचारलं, "हंगाम कधी सुरू होतो?"