रेल्वेच्या ट्रायलला लिबेरो म्हणून उभं राहताना

व्हॉलीबॉलवर पोट भरायचं ठरवलेल्या मुलीला शेवटी नोकरीच शोधावी लागते. २०२२ मध्ये सुरू झालेली प्राइम व्हॉलीबॉल लीग पुरुषांची. मी धडपडत होते तेव्हा आमच्यासाठी तसं काही नव्हतं. त्यामुळे डोळे लागलेले रेल्वेच्या स्पोर्ट्स कोट्याकडे. महिला व्हॉलीबॉलमध्ये रेल्वेचा संघ म्हणजे दादा, केरळच काय ती टक्कर देणार.

माझी उंची ५ फूट ३ इंच आणि बायकांची नेट २.२४ मीटरवर. कॉलेजात सरांनी सरळ लिबेरो केलं, म्हणजे फक्त बचावाची खेळाडू. वेगळ्या रंगाची जर्सी, खेळायचं मागच्या फळीत, ब्लॉकला जायचं नाही, नेटच्या वरचा बॉल मारायचा नाही. आमच्याकडे गावात शूटिंग व्हॉलीबॉलचं वेड. चुलते विचारायचे, "पोरगी मारतच नाही, तर खेळते काय?"

निवड १०० गुणांची: खेळातली कामगिरी ५०, ट्रायल ४०, शिक्षण १०. ट्रायलमध्ये ४० पैकी २५ पडले नाहीत तर खेळ खलास. म्हणजे कामगिरी आणि शिक्षण मिळून ६० गुण कागदावरचे. आणि माझ्या आंतरविद्यापीठ स्पर्धेच्या प्रमाणपत्रावर आडनावच चुकलेलं! ते दुरुस्त करून घ्यायला मारलेल्या खेपांनी जेवढी दमले, तेवढी सरावात कधी दमले नाही. "साहेब मीटिंगला गेलेत" हे वाक्य मला आजही झोपेत ऐकू येतं.

ट्रायलला स्मॅशर मुलींचं बरं असतं. उंच उडी, दणदणीत फटका, बघणारा लगेच मान डोलावतो. लिबेरोचा पास चांगला गेला की लोक सेटरकडे, म्हणजे स्मॅशरला बॉल उचलून देणारीकडे बघतात. त्यातून संघ तिथल्या तिथे पाडलेला, कुणी कुणाच्या ओळखीची नाही. मी आधी सेटरला गाठलं. "ताई, बॉल कुठे देऊ?" ती म्हणाली, "नेटपासून हातभर. आणि जरा उंच दे, पळायला लावू नकोस." हे विचारलं नसतं तर निम्मे पास वाया गेले असते.

समोरून फ्लोट सर्व्हिस येत होत्या. हा बॉल फिरत नाही, डुलत येतो आणि अगदी हाताशी आल्यावर खाली बसतो. अशा वेळी हात हलवून भागत नाही, पाय आधी पोचावे लागतात.

एकदा पहिला बॉल सेटरलाच उचलावा लागला. दुसरा माझ्यावर, आणि मी नेटपासून तीन मीटरवर आखलेल्या रेषेच्या आत, नेटच्या बाजूला. तिथून लिबेरोने बोटांनी वरून बॉल दिला, तर स्मॅशरला तो नेटच्या वरून मारता येत नाही. मी गुडघे वाकवून अंडरहँड दिला. पॉइंट गेलाच, स्मॅशरने बाहेर मारला. पण टेबलाजवळ बसलेल्या एका मॅडमनी खाली बघून काहीतरी लिहिलं. गुण त्याचेच मिळाले का, देव जाणे. यादीत नाव आलं.

आता अर्धा दिवस फायली, उरलेला मैदानावर. शिबिर लागलं की फायली बंद. फॉर्म भरणाऱ्या मुलींनो, जाहिरातीत नुसतं 'व्हॉलीबॉल महिला' बघून पैसे भरू नका. पुढे सेटर, लिबेरो की अटॅकर, जागा कुठली ते पुष्कळदा लिहिलेलं असतं. आणि आडनाव आजच तपासा.