एका भांड्याचं थँक्यू

मंगळवार, रात्री साडेअकरा

झोपायला हवं. सकाळी नऊची ती मीटिंग काही टळत नाही. पण मघाशी मी याला "थँक्यू" म्हणाले आणि तेव्हापासून तो शब्द दातात अडकलेल्या दोऱ्यासारखा बसलाय. जीभ सारखी तिथेच जाते.

झालं तसं काहीच नाही. भांडण नाही, शब्दाला शब्द नाही. जेवणं आटोपली, याने पातेलं उचललं, नळ सोडला, दोन मिनिटांत हात पुसत बाहेर आला आणि म्हणाला, "झालं!" मी लॅपटॉपमधून मान वर केली, "थँक्यू" म्हणाले. तो सोफ्यावर, मी परत लॅपटॉपमध्ये. तीन ओळी टाइप केल्या आणि बोटं थांबली. थँक्यू कशाबद्दल?

आमची वाटणी जुनी आहे. रांधणं माझं, घासणं त्याचं. ठरवताना दोघांनाही आपणच जिंकलो असं वाटलं होतं. म्हणजे त्याने त्याचं काम केलं, बस. मी माझं केलं तेव्हा कोण काय म्हणालं? धाकटी म्हणाली, "परत पास्ता?" थोरल्याने फोनवरून नजर न काढता चीज मागितलं. आणि हा म्हणाला, "अरे वा, आज एकच भांडं!"

हं. दाद दिली ती भांड्याला.

साडेसातला घरात शिरले तेव्हा पर्स खांद्यावर तशीच होती आणि मी पातेलं शोधत होते. ते रुंद, पसरट, जाड बुडाचं. एका भांड्यात करायचा तर तेच लागतं, कारण त्यात स्पॅगेटी आडवी मावते. उंच भांड्यात ती अर्धी बाहेर उभी राहते, खालचा भाग शिजतो आणि वरची टोकं कोरडीच. आत ३५० ग्रॅम स्पॅगेटी, अर्धे कापलेले छोटे टोमॅटो, कांद्याच्या पातळ चकत्या, लसणाचे काप, थोडी लाल मिरची, बेसिलची एक काडी, दोन चमचे ऑलिव्ह तेल, मीठ, आणि वरून साधारण लिटरभर पाणी. सगळं थंडच. आधण ठेवायचं नाही, चाळण काढायची नाही, सॉससाठी वेगळी कढई नाही. मोठी आच, आणि उकळी फुटली की नऊ-दहा मिनिटं.

ही कृती २०१३ मध्ये अमेरिकेतल्या त्या मार्था स्ट्युअर्टच्या घर-स्वयंपाकाच्या मासिकात आली आणि तिथून जगभर गेली. मासिकातल्या कुणीतरी ती इटलीत, पुलिया भागात एका शेफकडे पाहिली होती. नऊ मिनिटं, असं त्यात लिहिलंय, आणि सारखं हलवत राहा असंही लिहिलंय. लोक पहिलंच वाक्य वाचतात. आमच्या घरातले तर तेही नाही.

खरं म्हणजे सुरुवातीची दोन-तीन मिनिटं डोळ्यात तेल घालून बघावी लागतात. पाणी तापलं की स्पॅगेटीच्या अंगावरचं पीठ फुगून चिकट होतं आणि काड्या एकमेकींना बिलगतात. तेव्हा सोडवल्या नाहीत तर त्या जुडीच्या जुडी राहतात आणि मधल्या कच्च्याच. एरवी मोठ्या भांड्यातल्या ढीगभर पाण्यात हे पीठ पांगतं आणि शेवटी चाळणीतून सिंकमध्ये जातं. इथे ते जाणार कुठे? तेच पाणी खळीसारखं दाट होत जातं, तेलाला धरून ठेवतं, आणि थेंबभरही क्रीम न घालता रस असा आळतो की काडी उचलली की तो तिच्याबरोबर लपेटून वर येतो. शेवटच्या दोन मिनिटांत तो बदल डोळ्यांसमोर होतो. बुडबुडे आधी मोठे, फटाफट फुटणारे असतात, मग ते लहान आणि जडशीळ होतात, आवाजही बदलतो. मला तो क्षण फार आवडतो. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. सांगण्यासारखं काय आहे त्यात.

जेवताना मी एवढंच सांगितलं की पास्त्याला इतकं पाणी लागतच नाही, हॅरल्ड मॅक्गी नावाच्या माणसाने २००९ मध्येच न्यू यॉर्क टाइम्समध्ये लिहिलं होतं, थंड पाण्यातून सुरुवात केली तरी छान शिजतो. थोरला म्हणाला, "बरं. चीज?"

मिठाचंही सांगायचं होतं, राहिलं. शंभर ग्रॅम पास्त्याला एक लिटर पाणी आणि दहा ग्रॅम मीठ हा इटालियन स्वयंपाकघरातला हिशेब मला पाठ आहे. पहिल्यांदा एका भांड्यात केला तेव्हा पाणी कमी केलं आणि मीठ मात्र त्याच हिशेबाने, ३५ ग्रॅम. नेहमीच्या पद्धतीत त्यातलं बहुतेक मीठ पाण्याबरोबर ओतून जातं. इथे ओतायला पाणीच नव्हतं. सगळ्यांनी मुकाट्याने खाल्लं आणि रात्रभर घटाघटा पाणी प्यायले. तेव्हा मी "सॉरी" म्हणाले होते. सॉरी आणि थँक्यू दोन्ही या घरात माझ्याकडेच साठवलेले असतात, लागतील तसे काढून देते.

तर पुन्हा तेच. थँक्यू का म्हणाले?

हिशेब मांडून बघू. नेहमीच्या पद्धतीने केला असता तर मला अर्धा तास. आज पंचवीस मिनिटं. वाचली पाच, आणि पंचवीसच्या पंचवीस उभ्याने, कारण दुसऱ्या पद्धतीत आधण येईपर्यंत निदान टेकता तरी येतं. त्याचं काय वाचलं? मोठं पातेलं, कढई, दोन झाकणं, आणि ती चाळण, जिच्या भोकाभोकांत पास्त्याचे तुकडे अडकून बसतात. म्हणजे बचत जमा झाली त्याच्या खात्यात आणि पोचपावती दिली मी.

आणि खरं सांगायचं तर (इथे नाही सांगणार तर कुठे) मंगळवारी हा पास्ता मी माझ्यासाठी निवडतच नाही. सिंक भरलं असलं की हा एक उसासा सोडतो. मोठा नाही. नळ सोडण्याच्या आधी, नाकातून. बोलत काही नाही, कधीच बोललेला नाही, उलट भांडी चांगली घासतो. पण काय करायचं ठरवताना तो उसासा माझ्या कानात आधीच वाजतो, आणि हात आपोआप त्या एका पातेल्याकडे जातो. असं कधीपासून व्हायला लागलं? मागच्या वर्षीच्या त्या सगळ्या प्रकारानंतरच बहुतेक. जाऊ दे, ते आत्ता नको.

आज दिवसभरात किती थँक्यू टाइप केले ते मोजायला हवं. जिने फाइल चार दिवस उशिरा पाठवली तिलासुद्धा "थँक्यू सो मच". सो मच! तर घरात एक सुटं थँक्यू गेलं त्याचं एवढं काय? जीभ काही झिजली नाही.

आई तर रांधायचीही आणि घासायचीही. तिला मी एकदा तरी... रविवारपासून तिला फोन करायचा राहिलाय.

नाही, पण थांब. मला कुणी म्हणालं नाही याचं वाईट वाटतंय, की मी म्हणाले याचं? इतका वेळ दोन्ही एकच वाटत होतं. एक नाहीये. मला कुणी थँक्यू म्हणालं असतं तर मी "त्यात काय एवढं" म्हणून उडवून लावलं असतं. नेहमी लावते. आणि मी याला म्हणाले तेव्हा याने ते उडवलं नाही. "अगं, त्यात काय" नाही, हसणं नाही, काही नाही. घेतलं. दुकानदाराने परत दिलेले सुटे पैसे न मोजता खिशात टाकावेत तसं सहज घेतलं आणि सोफ्यावर जाऊन बसला. हे खुपतंय. मला ते घेता येत नाही आणि त्याला येतं. आता यात त्याचा गुन्हा कोणता, ते मात्र मला लिहिता येत नाहीये.

रडू येतंय की काय असं वाटलं मध्येच. पास्त्यावरून! उठले, पाणी प्यावं म्हटलं.

(दहा मिनिटांनी)

स्वयंपाकघरातला दिवा लावला आणि सिंकमध्ये बघते तर पातेलं तिथेच. काठोकाठ पाणी भरलेलं, वर तेलाचे नारिंगी ठिपके तरंगतायत, आणि तळाशी हाताच्या पंजाएवढा तपकिरी चांदवा. भिजत घातलंय! "झालं!" म्हणजे एवढं झालं होतं. म्हणजे मी इतका वेळ ज्या थँक्यूचा कीस काढतेय ते पातेल्यात पाणी भरल्याबद्दल होतं.

एकटीच हसले. तोंडावर हात ठेवून, कारण धाकटीची झोप कशाने मोडेल सांगता येत नाही.

मग तो चांदवा जरा नीट बघितला, आणि हसू ओसरलं. कारण तो माझा आहे. उकळी फुटून सात मिनिटं झाली असतील आणि ऑफिसचा फोन आला. "एकच मिनिट" म्हणत मी हॉलमध्ये गेले. ते एक मिनिट नव्हतं. परत आले तर रस आटलेला आणि मधल्या काड्या बुडाला धरलेल्या. अर्धा कप पाणी शिंपडलं, डाव खोल न घालता वरचं वर काढून वाढलं, तळाला हातच लावला नाही. ताटल्यांमध्ये काही दिसत नव्हतं. वासही बेसिलखाली झाकला गेला. कुणाला कळलं नाही असं समजून मी निवांत जेवले. पण भांडं घासणाऱ्याला कळणारच होतं ना.

म्हणजे याने बघितलं. बघून पाणी भरलं, बाहेर आला, बोलला नाही. उसासा सोडला का? आठवत नाही. मी लॅपटॉपमध्ये होते.

आता मला हे सगळं वरपासून खोडावंसं वाटतंय, पण खोडत नाही. पातेलंही तसंच ठेवलं. एकदा हात गेला होता घासणीकडे, मागे घेतला. वाटणी म्हणजे वाटणी.

बुधवार, सकाळी सव्वाआठ

दोनच ओळी लिहिते. मीटिंग पुढे ढकलली, साडेनऊला. काल कळलं असतं तर बरं झालं असतं.

उठले तर हा सिंकपाशी, तारेची घासणी घेऊन त्या चांदव्याशी झटतोय. बाह्या वर केलेल्या, ऑफिसचा शर्ट, पोटावर पाण्याचा मोठा डाग.

"किती लागलंय गं खाली," म्हणाला. "मध्ये मध्ये हलवत राहायचं असतं ना?"

माझ्या डोक्यातून एक मोठं वाक्य गेलं. त्यात २०१३ साल होतं, मार्था स्ट्युअर्ट होती, सारखं हलवत राहा असं लिहिलेलं होतं आणि पंचवीस मिनिटं उभी असलेली मी होते. त्यात फोन नव्हता. म्हणून मग नाही बोलले ते.

"घासू नको असं," म्हटलं. "पाणी ओत आधी." पाणी ओतलं, पांढरट, दाटसर. रात्रभरात तळाचा थर फुगून सुटायला आला होता. मी लाकडी उलथनं तिरकं धरलं, कडेला टोक घातलं आणि हळूच पुढे ढकललं. काड्यांच्या ठशांसकट तो अख्खा थर एका पापुद्र्यात उचलला गेला, खाली लख्ख स्टील. कडेचा थोडा करपलेला भाग तेवढा राहिला. तो घासायला लागणारच.

हा बघतच राहिला. "अरे! मी पंधरा मिनिटं घासतोय."

"हं."

"थँक्यू," म्हणाला. पातेल्याकडे बघत, घासणी परत हातात घेत.

"त्यात काय एवढं," मी म्हणाले. तोंडातून गेलंच.