साय

काल दुपारी रंकाळ्याचं पाणी रंगवायला घेतलं. निळ्यात हिरवा कालवला, तेवढ्यात दूधवाला बिलाला आला. सुट्टे शोधून परत येतोय तर ताटातला रंकाळा वाळून खडखडीत!

अॅक्रिलिक हे असं आहे. बरं, वाळताना गडदही होतं. ओल्या रंगात दुधासारखा चिकटा असतो, तो वाळला की पारदर्शक होतो आणि सकाळचं पाणी संध्याकाळचं दिसायला लागतं. एक मात्र आहे. ताटात वाळलेला रंग नखानं उचकटला की दुधावरच्या सायीसारखा अख्खा सोलून येतो. खरं सांगू, मला चित्रापेक्षा हे जास्त आवडतं.

आमचे आबा दुकानांच्या पाट्या आणि नाटकाचे पडदे रंगवायचे. दादा जलरंगवाले, चित्रकार आबालाल रहिमानांच्या वेडापायी रविवारी त्यांच्या कोटीतीर्थ तळ्यावर जाऊन बसायचे. माझ्यापर्यंत येईतो धंद्याचा छंद झाला. कोल्हापुरात तशी दर चार घरांमागे एक पेंटर निघतो, आणि प्रत्येकाची गुरुपरंपरा बाबूराव पेंटरांपर्यंत जाऊन पोचते. आबांचीही पोचायची. आनंदराव आणि बाबूराव हे दोघे भाऊ पडदे रंगवता रंगवता सिनेमाच्या नादाला कसे लागले, आनंदराव 1916 ला गेले आणि दोघांनी बनवायला घेतलेला कॅमेरा बाबूरावांनी कसा तडीला नेला, हे ते जेवताना सांगायचे. दरवेळी आमटी गार व्हायची.

आबा हौसेनं ऑईलमध्ये निसर्गचित्रं करायचे. ती माडीवर वाळत पडायची, आठ-आठ दिवस. जिन्यातच अळशीच्या तेलाचा वास यायचा. हात लावायचा नाही, ही सक्त ताकीद. मी सहा वर्षांचा असताना लावला. तळ्याच्या ऐन मध्यात अंगठा उमटला. आबांनी चष्मा कपाळावर सरकवून बराच वेळ बघितलं, बारका ब्रश घेतला आणि ठशाला दोन शिंगं काढली.

"म्हस डुंबतीया," म्हणाले. "आता पळ."

ते चित्र आता माझ्या खोलीत आहे. शिंगांखाली अंगठ्याच्या रेघा अजून मोजता येतात.

काल पुतण्या आला आणि त्यानं माझ्या चित्रावर सरळ बोट ठेवलं. मी ओरडलोही नाही. काही उमटलंच नाही.

"काका, हे प्लास्टिक आहे?"

"हो रे."

मग आम्ही दोघांनी मिळून ताट सोललं.