'राहून गेलं' म्हणजे नक्की कोणाकडून?

काल रात्री एका मैत्रिणीचा फोन आला, तिची चौकशी चालू आहे, वकिलाने सांगितलंय रिफ्लेक्शन (म्हणजे आपल्या हातून काय चुकलं आणि त्यातून काय शिकलो याचं टिपण) लिहून दे, तर म्हणाली नक्की काय लिहायचं असतं गं त्यात, तुझ्याकडे नमुना असेल तर पाठव ना. नमुना मी पाठवला नाही. तिला वाईट वाटलं असणार म्हणून हे सविस्तर लिहितेय, तिच्यासाठी आणि तिच्यासारख्या अजून कोणाकोणासाठी. डॉक्टर असा, नर्स असा, फिजिओ असा, फार्मासिस्ट असा, रेग्युलेटरचं, म्हणजे आपलं रजिस्ट्रेशन ज्यांच्या हातात असतं त्या संस्थेचं, पत्र हातात पडल्यावर पोटात जो गोळा येतो तो सगळ्यांचा सारखाच असतो.

माझी केस सांगते. नाईटला होते. पेशंटला पेनिसिलिनची ॲलर्जी होती, मनगटावर तशी पट्टी होती, पण हात पांघरुणाखाली होता. चार्टवर ॲलर्जीचा रकाना कोरा. ऑर्डर होती को-ॲमॉक्सिक्लॅवची, आता या नावात पेनिसिलिन हा शब्द कुठेच नाही पण औषध त्याच कुळातलं, आणि हे मला माहीत होतं, माहीत नव्हतं असं मी कधीच म्हणणार नाही. मी ते इंजेक्शन दिलं. थोड्याच वेळात तिच्या अंगावर पित्त उठलं, श्वास लागला, ॲड्रेनलिन द्यावं लागलं. ती वाचली. नंतर तक्रार आली आणि ती योग्यच होती.

पहिला ड्राफ्ट मी एका रात्रीत लिहिला, चार पानं, आणि मला वाटलं मस्त झालाय. आमच्या एक सीनियर ताई आहेत, त्यांना वाचायला दिला. त्या फार काही बोलल्या नाहीत, पेन्सिल घेतली आणि एका वाक्याखाली रेघ मारली. वाक्य होतं, 'वॉर्डमध्ये गर्दी होती, स्टाफ कमी होता, त्यामुळे ॲलर्जी तपासायची राहून गेली.' बाजूला समासात एकच शब्द लिहिला: कोणाकडून?

मग पुढे वाचत गेल्या आणि रेघा मारत गेल्या. 'पट्टी बघितली गेली नाही.' 'चार्टकडे दुर्लक्ष झालं.' 'विचारायचं सुटलं.' चार पानांत नऊ रेघा. नऊच्या नऊ वाक्यांत मी नव्हतेच. आपल्या भाषेत ही सोय इतकी सहज आहे ना की आपल्याला कळतही नाही आपण ती वापरतोय, राहून गेलं, होऊन गेलं, हातून निसटलं, सगळं आपोआप घडतं आणि कर्ता गायब. घरी दूध उतू गेलं तर ठीक आहे, पण इथे समोरचा माणूस नेमका तो कर्ताच शोधत असतो. हीच वाक्यं दुसऱ्या भाषेत नेली तरी तो गायबच राहतो, म्हणून आधी मराठीत लिहून तिथेच पकडा असं मी सगळ्यांना सांगते.

ताई म्हणाल्या, ते वाक्य 'मी' ने सुरू करून लिही. मी लिहिलं, 'मी तिला विचारलं नाही.' त्या म्हणाल्या, आता 'कारण' लिही, आणि कारणात स्टाफ आणू नकोस आत्ता. या एका वाक्यावर मी दोन दिवस अडकले, खोटं नाही सांगत. शेवटी जे आलं ते असं: 'मी तिला विचारलं नाही कारण तिला नुकतीच झोप लागली होती, तिला उठवलं असतं तर ती बोलत बसली असती, आणि मला तेवढा वेळ तिला द्यायचा नव्हता.' लिहिल्यावर मला रडू आलं. पण हे खरं होतं, आणि खरं सापडल्यावर मगच पुढे काय बदलायचं हे दिसलं. कारण 'स्टाफ कमी होता' याच्यावर माझ्या हातात उपाय काही नाही, पण 'पेशंटला उठवायचं मी टाळते' याच्यावर आहे. आता औषध हातात घेण्याआधी मी मनगट हातात घेते, झोपलेल्याला उठवते, नाव आणि ॲलर्जी त्याच्या तोंडून ऐकते.

स्टाफची कमतरता लिहायचीच नाही असं नाही हां. ती खरी असेल तर जरूर लिहा, रोस्टर जोडा. फक्त ती 'मी' च्या वाक्यानंतर येऊ द्या, आधी आली की सबब वाटते.

चौकशी करणाऱ्या पॅनलला हे कशाला हवं असतं तेही सांगते, कारण बरेच जण ते माफीनामा समजून लिहितात. पॅनलचं मुख्य काम मागच्या चुकीची शिक्षा मोजायचं नसतं, ही व्यक्ती आज पेशंटसमोर सुरक्षित आहे का हे बघायचं असतं. ब्रिटनमध्ये २००८ साली कोहेन नावाच्या डॉक्टरांच्या केसमध्ये कोर्टाने जे प्रश्न मांडले ते आजही तिथे वापरतात: चूक सुधारता येण्यासारखी आहे का, ती सुधारली गेलीय का, आणि पुन्हा होण्याची शक्यता अगदी कमी आहे का. २०११ च्या ग्रँट केसने त्यात ठासून सांगितलं की लोकांचा या पेशावरचा विश्वास हेही बघायला हवं. म्हणजे 'मला फार वाईट वाटतंय' याने एकाही प्रश्नाचं उत्तर मिळत नाही. वाईट वाटतंय हे लिहा, पण कोणासाठी वाटतंय ते बघा. माझ्या पहिल्या ड्राफ्टमध्ये माझी झोप उडाली, माझं रजिस्ट्रेशन, माझं घर हे सगळं होतं, आणि पेशंट दीड ओळीत होती.

रिफ्लेक्शन लिहायचं गिब्जचं १९८८ चं चक्र बहुतेकांना शिकवलेलं असतं, वर्णन, भावना, मूल्यमापन, विश्लेषण, निष्कर्ष, कृती. चांगलंय ते. पण लोक वर्णनावर तीन पानं घालवतात आणि कृतीत 'यापुढे काळजी घेईन' एवढं लिहून मोकळे होतात. उलटं करा. काय घडलं ते पॅनलकडे फाइलमध्ये आहेच. कोर्सचं सर्टिफिकेट नुसतं जोडू नका, त्या कोर्सनंतर तुमच्या हाताची कुठली सवय बदलली ते लिहा आणि ते कोणीतरी पाहिलेलं असेल तर त्यांचं पत्र घ्या.

लिहायची भीती वाटते, हे मी समजू शकते. ब्रिटनमधल्या डॉ. हदीझा बावा-गर्बा यांची केस आठवते ना, २०११ साली त्यांचा पेशंट असलेला सहा वर्षांचा मुलगा सेप्सिसने (अंगभर भिनलेल्या संसर्गाने) गेला, २०१५ मध्ये कोर्टाने त्या मृत्यूसाठी त्यांना दोषी ठरवलं, जानेवारी २०१८ मध्ये नाव रजिस्टरमधून काढलं आणि ऑगस्टमध्ये अपील कोर्टाने तो निर्णय फिरवला. त्या काळात कितीतरी जणांनी रिफ्लेक्शन लिहिणंच थांबवलं, आपलंच लिहिलेलं आपल्यावर उलटेल म्हणून. त्याच वर्षी तिथल्या जनरल मेडिकल कौन्सिलने, म्हणजे डॉक्टरांच्या रेग्युलेटरने, स्पष्ट केलं की चौकशीसाठी आम्ही डॉक्टरांकडे रिफ्लेक्शनच्या नोट्स मागणार नाही, डॉक्टरने स्वतःहून दिल्या तर गोष्ट वेगळी. पण कोर्ट मागू शकतं. म्हणून पेशंटची ओळख पटेल असं काही त्यात ठेवू नका, आणि काहीही पाठवण्याआधी वकिलाला किंवा अशा चौकशीत कायदेशीर मदत देणाऱ्या तुमच्या संरक्षण संस्थेला दाखवाच. मूळ केसपेपरला मात्र हात लावायचा नाही, एक अक्षरही नाही, काही भर घालायची असेल तर आजच्या तारखेने, आणि तीही विचारून.

आरोपच मान्य नसेल तर? हा प्रश्न मैत्रिणीने काल विचारला. न केलेली गोष्ट केली म्हणून लिहू नका. पण तक्रार करणाऱ्याला त्या क्षणी काय वाटलं असेल, आरोप खरा असता तर ते किती गंभीर असतं, माझ्या वागण्यातलं काय वेगळं असतं तर हा गैरसमज झाला नसता, हे लिहिता येतं, त्यासाठी कबुली द्यावी लागत नाही.

आणि नमुना का नाही पाठवला, तर पॅनलवरची माणसं अशी कितीतरी रिफ्लेक्शन्स वाचतात, उचललेलं वाक्य त्यांना लगेच कळतं. एआयकडून लिहून घेतलेलंही कळू शकतं, त्यात चूक गुळगुळीत होऊन जाते.

या काळात एकटं राहू नका एवढं मात्र कळकळीने सांगते. जीव नकोसा वाटायला लागला तर रिफ्लेक्शन बाजूला ठेवा, तारीख पुढे मागता येते, आणि आजच्या आज कोणाला तरी सांगा, डॉक्टरला सांगा.

माझं शेवटचं रिफ्लेक्शन दोन पानांचं झालं. त्याची सुरुवात माझ्या वाक्याने केली नाही. तक्रारीत पेशंटने लिहिलं होतं, 'ॲडमिट होताना मी त्यांना सांगितलं होतं, मला वाटलं आता सगळ्यांना माहीत असेल.' ते वाक्य पहिल्या ओळीत ठेवलं आणि त्याखाली लिहायला लागले.