लोकरीच्या दुकानातले दोन वर्ग

पावसाळा ओसरत आला की पुण्यातल्या लोकरीच्या दुकानांत चौकशी वाढू लागते. मी सदाशिव पेठेतल्या ज्या दुकानात विणकाम शिकवते, तिथल्या मालकीणबाईंनी यंदा एकाऐवजी दोन वर्ग ठेवण्याचे ठरवले आहे: एक अगदी नवख्यांसाठी आणि दुसरा थोडेफार येणाऱ्यांसाठी. गणेशोत्सवानंतर सुरुवात करून दिवाळीपूर्वी दोन्ही वर्ग पुरे करायचे, म्हणजे थंडीपर्यंत प्रत्येकाच्या हाती काहीतरी तयार झालेले असेल, इथपर्यंत आमचे एकमत झाले.

अडचण आहे ती कोणाला कुठे बसवायचे याची. नावनोंदणीच्या कागदावर ‘किती वर्षे विणता?’ असा रकाना होता, तो मी काढायला लावला. घराण्यातल्या प्रत्येक बाळंतविड्यासाठी टोपडी आणि मोजे विणलेल्या कितीतरी बायका आमच्याकडे येतात, पण एखादा टाका सुटला की त्या काम तसेच पिशवीत घालून कोणी जाणती भेटेपर्यंत थांबतात. उलट महिन्याभरापूर्वी व्हिडिओ पाहून शिकलेल्या एखाद्या कॉलेजातल्या मुलाला सुईवरच्या टाक्याला पीळ बसला आहे हे आपले आपण दिसते. दुसऱ्या वर्गात बसायचा हक्क माझ्या मते त्या मुलाचा अधिक आहे. म्हणून आता विणलेला एक तुकडा हाती द्यायचा आणि चार ओळी खाली सुटलेला टाका क्रोशाच्या सुईने वर आणायला सांगायचा. ज्यांना जमेल त्यांनी दुसऱ्या वर्गात बसावे, बाकीच्यांनी पहिल्या, मग कपाटात कितीही स्वेटर असोत. मालकीणबाईंना ही परीक्षा कडक वाटते, कारण जुने गिऱ्हाईक दुखावले तर ते लोकर दुसरीकडून घेईल. त्यांची काळजी रास्त आहे. तुळशीबाग काही लांब नाही.

पहिल्या वर्गासाठी फिकट रंगाचा, गुळगुळीत, मध्यम जाडीचा सुती धागा आणि ८ नंबरच्या, म्हणजे ४ मिलिमीटरच्या, बांबूच्या सुया ठरल्या आहेत. काळ्या किंवा केसाळ लोकरीत टाका वेगळा ओळखू येत नाही, आणि धातूच्या सुईवरून नवख्या हातांचे टाके लवकर घसरतात. येणाऱ्या प्रत्येकाला मफलर विणायचा असतो, पण मी त्याला ठाम नकार देणार आहे: दीड मीटरच्या मफलरात शिकण्यासारखे जे असते ते पहिल्या वीतभरातच संपते आणि उरतो तो नुसता कंटाळा. त्याऐवजी तीन लहान चौकोन विणायचे. पहिल्याच्या सगळ्या ओळी सुलट, दुसऱ्यात एक ओळ सुलट आणि एक उलट, तिसऱ्यात प्रत्येक ओळीत एक टाका सुलट, एक उलट. पहिला चौकोन सपाट राहतो, दुसऱ्याच्या कडा गुंडाळल्या जातात आणि तिसरा ताणला की पुन्हा आखडतो. असे का होते हे विद्यार्थ्यांनी तुकडे उलटसुलट करून स्वतः शोधले की सुलट आणि उलट हे एकाच टाक्याचे पुढचे आणि मागचे अंग आहे, हे वेगळे सांगावे लागत नाही. एका टेबलापाशी सहांपेक्षा जास्त माणसे नकोत, कारण मला प्रत्येकाची बोटे दिसली पाहिजेत. डावखुऱ्यांना मी समोर बसवते, म्हणजे त्यांना माझे हात आरशातल्यासारखे पाहता येतात.

दुसऱ्या वर्गात कानटोपी, तीही शिवण न घालता गोल विणलेली. पुण्याची थंडी जाड स्वेटर पुरेसा वापरू देत नाही, पण पहाटे तळजाईच्या टेकडीवर फिरायला जाणारी मंडळी दसऱ्यापासूनच कान झाकून घेतात, त्यामुळे टोपी वाया जाण्याची भीती नाही. पहिला तास निव्वळ मापाचा असेल. १० सेंटीमीटरांत २२ टाके बसत असतील आणि डोक्याचा घेर ५६ सेंटीमीटर असेल, तर टोपी घट्ट बसण्यासाठी सुमारे ५१ सेंटीमीटर, म्हणजे ११२ टाके घ्यायचे. या आकड्याचे १४ टाक्यांचे आठ सारखे भाग होतात, त्यामुळे माथ्याकडे टाके कमी करणेही सोपे जाते. हात सैल असून त्याच १० सेंटीमीटरांत २०च टाके बसत असतील, तर तेवढ्याच टाक्यांची टोपी बरोबर ५६ सेंटीमीटरांची होईल आणि डोळ्यांवर उतरेल. एवढा हिशेब मांडल्यावर नमुन्याचा तुकडा आधी विणून पाहण्याचा आळस कोणी करणार नाही, अशी आशा आहे.

इंटरनेटवरचे नमुने वाचणे हा याच वर्गाचा दुसरा भाग. आपल्याकडे सुयांना जुने ब्रिटिश नंबर चालतात आणि त्यांत नंबर वाढला की सुई बारीक होते. अमेरिकेत नेमके उलटे. आपली ८ नंबरची सुई ४ मिलिमीटरची, तर त्यांची ५ मिलिमीटरची, म्हणून नंबर सोडून मिलिमीटरच पाहायचे. नमुन्याचा एकेक टाका चौकटीत दाखवणाऱ्या आलेखातली सुलट, म्हणजे पुढच्या, बाजूची ओळ उजवीकडून डावीकडे वाचायची असते आणि गोल विणताना प्रत्येक ओळ तशीच. डावीकडून वाचायची सवय असलेल्या आपल्या डोळ्यांना हे वळण लागायला वेळ लागतो. वेळ उरला तरच वेणीची वीण घेईन. वेणीमुळे कापड आत ओढले जाते आणि टाक्यांचा हिशेब पुन्हा मांडावा लागतो.

पहिल्या वर्गाच्या शुल्कात सुया आणि धागा धरलेला आहे, म्हणजे सर्वांच्या हाती एकसारखे साहित्य राहील. दुसऱ्या वर्गात लोकर ज्याची त्याने निवडायची, फक्त सगळे गुंडे एकाच वेळी, वेष्टनावरचा लॉट नंबर, म्हणजे एकाच वेळी रंगवलेल्या लोकरीचा क्रमांक, पाहून घ्यायचे, नाहीतर तोच रंग निम्म्या टोपीवर वेगळा दिसतो. न फोडलेले गुंडे परत घेण्याचे मालकीणबाईंनी मान्य केले आहे. वर्गाच्या शेवटी प्रमाणपत्र द्यायचे की नाही, यावर मात्र आमचे अजून जमलेले नाही; त्यांना ते चौकट करून भिंतीवर लावण्याजोगे हवे आहे आणि मला वाटते की डोक्यावरची टोपी पुरेशी आहे.