सलाइनच्या थेंबातला आणि फणसाच्या ओंडक्यावरचा

पावसाळ्यात आमच्या लॅबमध्ये आव पडणारे पेशंट वाढतात. अशा पेशंटच्या शौचाची डबी आली की मी हातातलं काम बाजूला ठेवते. अर्ध्या तासात पाहिलं नाही तर अमीबा थंडावतो, गोल होतो, आणि निदान तर त्याच्या चालीवरच असतं.

कोमट सलाइनच्या थेंबात रक्ताळलेल्या आवेचा कण, वर कव्हरस्लिप, म्हणजे पातळ काच. मग सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचं. पेशीच्या कडेला काचेसारखा स्वच्छ फुगवटा झपकन बाहेर येतो आणि मागचा दाणेदार ऐवज त्यात ओतला जातो. पुन्हा फुगवटा, पुन्हा ओतणं, एकाच दिशेनं. शाळेत ‘छद्मपाद’ पाठ केलं होतं, पण इथे अख्खा जीवच पुढे सांडतो. त्याच्या पोटात रक्तातल्या तीन-चार लाल पेशी दिसल्या की ‘एन्टामीबा हिस्टोलिटिका’, म्हणजे आव पाडणारा अमीबा, असं लिहिताना हात अडखळत नाही. तो जिवंत पेशींचे लचके तोडून खातो, हे २०१४ साली उजेडात आलं. वाचलं तेव्हा आवेतलं ते रक्त डोळ्यांपुढे आलं.

गेल्या जुलैत घरामागच्या फणसाच्या कुजक्या ओंडक्यावर पिवळीधमक जाळी दिसली. स्लाइम मोल्ड. लोक बुरशी समजून खरवडतात, पण ती तळहाताएवढी पसरलेली एकच पेशी, आत असंख्य केंद्रकं. भिंग घेऊन बसले. शिरांमधला रस एका बाजूला धावत होता. मिनिटभरानं मंदावला, थांबला, उलटा वाहू लागला. जाताना जरा जास्त, येताना जरा कमी, एवढ्याच फरकावर ती सरकते. वाटेतले जिवाणू आणि बुरशीचे बीजाणू गिळत जाते. तिच्यापासून चार बोटांच्या अंतरावर ओटचे दाणे ठेवले. सकाळी दाण्यांवर पिवळा लेप होता, मधल्या बारीक शिरा गेलेल्या, दाणे जोडणाऱ्या जाड झालेल्या. जपानच्या तोशियुकी नाकागाकींनी २००० साली फायसॅरम या स्लाइम मोल्डला चक्रव्यूहातून दोन खाद्यांमधली जवळची वाट काढताना दाखवलं, ते असंच.

आणि हे दोघं भाऊबंद आहेत! अमीबोझोआ या एकाच गोतातले. एक आतड्यात माणसाला खातो, दुसरा ओंडक्यावर निरुपद्रवी, पण ओतत पुढे जाण्याची रीत तीच. हे कळल्यापासून मला ती स्लाइड नुसता नमुना वाटत नाही.

लॅबमधली नवी मुलं थेट आयोडीन घालतात. त्यात पुटी, म्हणजे अमीबाचं कवचातलं निश्चल रूप, छान दिसते, पण अमीबा जागीच मरतो. म्हणून मी आधी सलाइनचा थेंब लावायला सांगते, आणि अमीबा एकदा तरी पुढे ओतलेला दिसेपर्यंत त्यांना स्टुलावरून उठू देत नाही.