भाडेकरू बदलला, कुलपं बदलली : माझा अनुभव

कोल्हापूरच्या शुक्रवार पेठेतलं आमचं जुनं घर आम्ही भाड्याने देतो. रस्त्याच्या अंगाला एक गाळा, मागे दोन खोल्या आणि वर माडी. गेल्या भाडेकरूंनी घर सोडताना किल्ल्यांचा जुडगा हातात दिला. माणसं चांगली होती, तक्रारीला जागा नाही. पण इतक्या वर्षांत गावाकडच्या पाहुण्यांकडे, कामवालीकडे, शेजारी ठेवायला म्हणून किती डुप्लिकेट निघाल्या असतील, ते त्यांना तरी कुठे आठवणार! नवीन बिऱ्हाड यायच्या आत सगळी कुलपं बदलायची ठरलं आणि काम माझ्या गळ्यात पडलं. ह्यांच्या मते त्यात काम असं नव्हतंच. लक्ष्मीपुरीत जायचं, चार मोठी कुलपं आणायची, झालं.

दुकानदाराने मला उलट प्रश्नच विचारले. दार कुठलं, कोयंड्याचं भोक केवढं, शटर आहे का, कपाट आहे का? मी गंगावेशीजवळ रस्त्यावर बसणाऱ्या चावीवाल्या मामांना गाठलं आणि आधी घर बघून जा म्हटलं. बाजारात पाऊल टाकण्याआधी हे करावं, असं मी आता सगळ्यांना सांगते. कुलूप दारावरून ठरतं. दुकानाच्या काउंटरवर सगळी सारखीच दणकट दिसतात.

पुढचं दार सागवानी, दोन फळ्यांचं. त्यावर हातात धरवणार नाही असं जड कुलूप. मामांनी त्याकडे बघितलंही नाही. अंगठा घालून कोयंडा ओढला, तर एक स्क्रू भुश्यासकट बाहेर आला. "कुलूप पैलवान हाय वो वहिनी, पन कोयंडा नुसता सापळा!" २०१९ च्या आणि २०२१ च्या पुरात हे दार पाण्यात होतं. पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट. ती ओलांडून नदी बरीच वर गेली की आमच्या पेठेत शिरते. भिजून सुकलेल्या लाकडात स्क्रू काय धरणार? मामांनी नवा जाड कोयंडा आणायला लावला आणि तो आरपार नटबोल्टने बसवला. बोल्टची गोल डोकी बाहेर, नट आत. कडीही बदलली. कुलपावर खर्च करण्याआधी इथे केला ते बरं झालं. चोर कुलपाशी झटापट करत बसत नाही, कोयंडाच उचकटतो.

जुनं कुलूप टाकूनच द्यायचं होतं, म्हणून मामांनी रिवेट कापून मला ते उघडून दाखवलं. आत पितळी पट्ट्यांची चळत, एकीवर एक. प्रत्येक पट्टी एका टोकाला खिळलेली, तिला केसाएवढी बारीक स्प्रिंग आणि पोटात एक खाच. कुलपाच्या सरकत्या जिभेला एक खुंटी असते. चावीचे दाते सगळ्या पट्ट्या आपापल्या उंचीवर उचलतात, खाचा एका रेषेत येतात आणि खुंटी त्यांतून सरकते. मला वाटायचं पट्टी नुसती वर उचलली की झालं. तसं नाही. कमी उचलली तरी अडतं, जास्त उचलली तरी अडतं. रॉबर्ट बॅरन नावाच्या इंग्रजाने १७७८ साली पेटंट घेतलं ते या दुहेरी अडवणुकीसाठीच. कुलपावर 'सात लिव्हर' कोरलेलं असतं ते या पट्ट्यांबद्दल. आकार मोठा म्हणजे पट्ट्या जास्त, असं अजिबात नाही. आमच्या त्या धोंड्यात मोजून चार निघाल्या.

माडीच्या जिन्याच्या दाराला लॅच आहे. त्याची करवतीसारखी चावी वेगळ्याच तत्त्वावर चालते. सिलिंडरात पितळेचा गाभा फिरतो. गाभा आणि त्याभोवतीचं कवच या दोघांत मिळून उभी भोकं असतात आणि प्रत्येक भोकात दोन-दोन तुकड्यांची पिन, वरून स्प्रिंगचा दाब. चावी नसते तेव्हा पिनेचा तुकडा अर्धा गाभ्यात, अर्धा कवचात अडकून राहतो. बरोबर चावी गेली की सगळ्या पिनांचे सांधे गाभ्याच्या कडेवर येतात आणि गाभा सुटतो. कल्पना प्राचीन इजिप्तमधल्या लाकडी कुलपांत होती. आजच्या स्वरूपात ती बसवली अमेरिकेच्या लायनस येल यांनी, १८६१ च्या पेटंटात. पाच पिना आणि प्रत्येकीच्या सहा उंच्या धरल्या तर कागदावर ७७७६ जुळण्या होतात. स्वस्त मालात कारागिरी ढिली असली की या आकड्याला काही अर्थ उरत नाही.

भाड्याने घर देणाऱ्यांनी याची एक सोय लक्षात ठेवावी. अख्खं लॅच उपटावं लागत नाही. आतून दोन स्क्रू काढले की सिलिंडर निघतो, नवा घातला की जुन्या सगळ्या डुप्लिकेट बाद. मात्र नुसतं ओढून घेतलेलं लॅच म्हणजे दार बंद, कुलूप नव्हे. तिरपी जीभ स्प्रिंगवर असते, फटीतून ढकलली तर मागे सरते. बाहेर जाताना चावी फिरवून पक्कं करायचं.

गाळ्याच्या शटरला मधे एक आणि दोन्ही बाजूंना एकेक कुलूप. मधलं फिरवलं की दोन आडव्या सळ्या बाजूच्या खाचांत जातात. सळ्या पुराच्या गाळाने अडल्या होत्या, घासून मोकळ्या केल्या, बाजूची दोन्ही बदलली. त्यात सांगण्यासारखं फार नाही.

पोलादी कपाटाची चावी मात्र कुणाकडेच नव्हती. मामांनी कोरी चावी घेतली, मेणबत्तीच्या ज्योतीवर काजळी धरेपर्यंत काळी केली, कुलपात घालून हलक्या हाताने पिळली आणि बाहेर काढून उन्हात धरली. काजळीत जिथे बारीक ठसे उमटले तिथे कानशीचे दोन हात. परत काजळी, परत पीळ. मी चहा ठेवायला गेले आणि कप घेऊन आले, तरी त्यांची मान वर झाली नव्हती. मग आवाज आला, खट्ट. आत पुराचा वाळलेला गाळ आणि फुगलेल्या फायली होत्या. कुलूप काढून डिझेलमध्ये बुडवून ठेवलं. मी आपली कडीकोयंड्याला घालते तसं खोबरेल घेऊन आले होते, तर मामा ओरडलेच. तेलावर धूळ बसते, तिचा चिकटा होतो आणि सिलिंडरातल्या पिना जागच्या जागी धरतात. तिथे ग्राफाइटची पूड. ती नसेल तर पेन्सिलीचं शिसं चावीवर घासायचं.

सासूबाईंच्या ट्रंकेचं कुलूप मी बदललंच नाही. त्यात लिव्हर नाहीत, पिना नाहीत, नुसते पत्र्याचे अडथळे. त्यांना चुकवून जाईल अशी कुठलीही बारीक चावी त्याला लागते. मामांनी जुडग्यातल्या दुसऱ्याच चावीने ते उघडून दाखवलं तेव्हा सासूबाईंचा चेहरा बघण्यासारखा झाला. "एवढी वर्षं मी किल्ली कमरेला लावून फिरले की रे!"

रात्री मी मोबाइलवर वाचत बसले. लंडनमध्ये कुलपं बनवणाऱ्या ब्रामा यांच्या दुकानाच्या खिडकीत एक कुलूप वर्षानुवर्षं ठेवलेलं होतं, उघडणाऱ्याला २०० गिनी बक्षीस. १८५१ च्या मोठ्या प्रदर्शनाला आलेल्या हॉब्ज नावाच्या अमेरिकन कारागिराने ते उघडलं. काम पन्नासहून जास्त तासांचं, तेही बरेच दिवस वाटून. आमच्या पेठेत भरदिवसा कुणी तेवढा वेळ दारात बसला तर समोरच्या काकू चहाला हाक मारतील आणि कुणाचे कोण, सगळं विचारून घेतील.

मुलाला बोटाच्या ठशाचं डिजिटल कुलूप हवं होतं. फ्लॅटच्या दाराला ते छान. आमचं दार पावसाळ्यात फुगतं, खांदा लावून ढकलावं लागतं. तिथे कुलपाची जीभ चौकटीतल्या खाचेसमोर येईलच याचा भरवसा नाही. पूर ओसरल्यावर इलेक्ट्रॉनिक कुलूप डिझेलमध्ये बुडवून जमणार नाही हेही आलंच.

शेवटी डुप्लिकेट. यंत्रात मूळ चावी एका चिमट्यात, कोरी दुसऱ्यात. एक टोक मुळावरून फिरतं आणि चाक तसंच कोरीत कापतं. नकलेवरून नक्कल काढली की प्रत्येक वेळी फरक साचत जातो. म्हणून सगळ्या प्रती मूळ चावीवरून काढल्या आणि मूळ चाव्या घरात ठेवल्या. नवे भाडेकरू परवा विचारत होते, लॅचला आमचा सिलिंडर बसवला तर चालेल का? म्हटलं, खुशाल बसवा, एक चावी आमच्याकडे द्या आणि काढलेला सिलिंडर टाकू नका. तुम्ही घर सोडाल तेव्हा तोच परत लागेल.